फ्यूजन आणि प्लाझ्मा संशोधन: देशाने आधी काय हातात घ्यावं, आणि काय सोडावं?

निर्वात_पोकळी (धागाकर्ती), रविवार रात्री

आमच्या वर्कशॉपमधल्या एका नवीन मुलाने परवा जेवताना विचारलं, ताई, दर दोन-तीन महिन्यांनी बातमी येते, चीनने कृत्रिम सूर्य हजार सेकंद पेटवला, फ्रान्सने बावीस मिनिटं, मग आपला कुठेय? मी त्याला उत्तर दिलं खरं, पण ते माझं मलाच अर्धवट वाटलं, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी, माहीत असेल त्यांनी पुढे सरका. फ्यूजन म्हणजे हलके अणू एकत्र जोडून ऊर्जा काढणं, सूर्यात होतं तेच. त्यासाठी वायू इतका तापवायचा की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, तो प्लाझ्मा. १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर पहिली मोठी परिषद झाली, अध्यक्ष आपले होमी भाभा. तिथे त्यांनी सांगितलं होतं की दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा काबूत आणायची रीत सापडेल. ते काही झालं नाही. आपल्याकडे प्रत्यक्ष काम सुरू झालं १९८२ मध्ये, अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (भौतिक संशोधन प्रयोगशाळेत) एक प्लाझ्मा कार्यक्रम म्हणून, त्याची १९८६ मध्ये स्वतंत्र संस्था झाली, तीच गांधीनगरजवळच्या भाट गावातली आयपीआर, म्हणजे प्लाझ्मा संशोधन संस्था. प्रेधिमान कृष्ण काव यांनी ती उभी केली. १९८९ मध्ये 'आदित्य' हा आपला पहिला घरचा टोकामॅक (प्लाझ्मा चुंबकांनी धरून ठेवणारं कड्याच्या आकाराचं यंत्र) सुरू झाला, मोठी त्रिज्या पाऊण मीटर, म्हणजे एका खोलीत मावेल एवढं यंत्र. मग एसएसटी-१ हा टोकामॅक, सुपरकंडक्टिंग (अतिशीत केल्यावर विजेला अजिबात रोध न करणाऱ्या) चुंबकांचा, नव्वदच्या दशकात हाती घेतलेला, एकदा जुळवून परत खोलावा लागला, आणि पहिला प्लाझ्मा मिळाला जून २०१३ मध्ये. मध्येच २००५ च्या शेवटी आपण इटरमध्ये, म्हणजे फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या आंतरराष्ट्रीय फ्यूजन यंत्राच्या प्रकल्पात शिरलो, सात भागीदारांपैकी एक, बांधकामाचा सुमारे ९ टक्के वाटा आपला.

आता माझा मुद्दा. 'आपला सूर्य कुठेय' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. प्रश्न असा हवा की पुढच्या वीस वर्षांत आपण कुठल्या चार गोष्टींत असे तयार होऊ की त्यासाठी जगाला आपल्याकडे यावं लागेल, आणि त्या चार गोष्टींसाठी कुठल्या दहा गोष्टी सोडून देऊ. आपल्याकडे प्राधान्य ठरवायचं म्हणजे यादीत आणखी एक ओळ वाढवायची असंच होतं. कुणाचंच नाव कापलं जात नाही, सगळ्यांना थोडं थोडं मिळतं, आणि मग कुणाचंच पुरं होत नाही.

माझी पीएचडी प्लाझ्मावर, नंतर बरीच वर्षं व्हॅक्यूमचं काम केलं, आता चाकणला एका कारखान्यात व्हॅक्यूम चेंबर बनवतो आम्ही. एक उदाहरण देते, कारण मला काय म्हणायचंय ते त्यातून लवकर कळेल. टोकामॅकच्या भांड्यात हवेचा लवलेशही चालत नाही. वेल्डिंग झालं की भांडं पंपाने रिकामं करायचं, लीक डिटेक्टर लावायचा आणि बाहेरून प्रत्येक वेल्डवर हेलियमची बारीक फुंकर मारत जायचं. कुठे केसापेक्षा बारीक छिद्र असेल तर हेलियम आत शिरतो आणि डिटेक्टरचा आवाज चढतो. आम्ही दहाचा उणे नववा घात मिलीबार लिटर प्रति सेकंद एवढी गळती शोधतो. हेलियम हलका, वर जातो, म्हणून सुरुवात वरच्या वेल्डपासून करायची. खालून सुरू केलंत तर खालचा हेलियम वर चढून वरच्याच छिद्रातून आत जातो आणि तुम्ही दिवसभर खालचा वेल्ड घासत बसता. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, एका टेक्निशियन काकांनी शिकवलं. ते रिटायर झाले तेव्हा त्यांच्या जागी कुणालाच घेतलं नाही, पोस्ट गोठवली. काकांनी चार माणसं तयार केली असती, त्यातली आज एकही नाही.

तर माझं मत: आपलं पहिलं प्राधान्य माणसांचं आणि सातत्याचं असावं. व्हॅक्यूम, वेल्डिंग, सुपरकंडक्टिंग चुंबक, क्रायो (अतिशीत तंत्र), आरएफ (रेडिओ लहरींनी प्लाझ्मा तापवणं), डायग्नोस्टिक्स (प्लाझ्माची मोजमापं) यातल्या हाताच्या कामाची माणसं, आणि जी यंत्रं आहेत ती वर्षभर चालती ठेवणं. नवं भलं मोठं यंत्र त्यानंतर. आता बोला, न पटल्यास बिनधास्त सांगा.

---

चाळीतला_टेलिस्कोप

छान धागा. पण ताई मला एक कळत नाही, फ्यूजनवर पैसा घालायचाच कशाला? आपलं सोलर २०२५ च्या सुरुवातीला १०० गिगावॉटच्या वर गेलं. पॅनेल लावलं की सहा महिन्यांत वीज. तुमचं इटर, त्यांच्याच नव्या वेळापत्रकानुसार, खरं ड्यूटेरियम-ट्रिटियम (हायड्रोजनचे दोन जड प्रकार) इंधन घालणार २०३९ ला, आणि तेही वीज तयार करणार नाहीये, नुसती उष्णता. आमच्या गावाला दिवसा थ्री-फेज येत नाही हो, पाणी द्यायला रात्री दोन वाजता उठून जावं लागतं, तिथे मी कुणाला २०३९ सांगू?

---

निर्वात_पोकळी

अगदी रास्त प्रश्न आहे आणि मी तो टाळणार नाही. फ्यूजनमुळे तुमच्या गावाला दिवसाची थ्री-फेज पुढच्या पंचवीस वर्षांत मिळेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. सोलर, साठवण, पंप्ड स्टोरेज (पाणी उंचावर चढवून वीज साठवणं), जे आत्ता मिळतंय ते आत्ताच लावायला हवं आणि त्याचा पैसा काढून फ्यूजनला द्या असं मी कधीच म्हणणार नाही.

पण २०६० मध्ये, कोळसा बंद झाल्यावर, पोलाद आणि सिमेंट आणि खतं बनवायला रात्रंदिवस लागणारी उष्णता आणि वीज कुठून येणार हा प्रश्न उरतोच. त्याचं एक उत्तर अणुभट्ट्या, एक कदाचित फ्यूजन. त्या वेळी सगळं तंत्र बाहेरून विकत आणायचं की आपल्याकडे ते समजणारे पाच-सात हजार लोक असायचे, हे मात्र आजच ठरतंय. म्हणूनच मी माणसांवर अडून बसलेय.

---

अनु_न्यूजर्सी

वाचतेय, आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी इकडे अमेरिकेत या क्षेत्राच्या कडेकडेने काम करते. प्राधान्य कसं ठरवायचं यावर इथे काय झालं ते सांगते, चांगलं आणि वाईट दोन्ही.

वाईट आधी. इथे बरीच वर्षं प्राधान्य वरून ठरायचं आणि शास्त्रज्ञांच्या समाजात भयंकर कटुता यायची. एमआयटीचा अल्केटर सी-मॉड हा टोकामॅक. छोटा पण प्रचंड तीव्र चुंबकीय क्षेत्राचा. २०१२ मध्ये सरकारने बजेटमध्ये तो बंद करायचा प्रस्ताव आणला, मग खासदारांनी थोडा वाचवला, मग पुन्हा तेच, शेवटी सप्टेंबर २०१६ मध्ये बंद झाला, आणि बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी त्याने प्लाझ्माच्या दाबाचा विक्रम केला, २.०५ अ‍ॅटमॉस्फिअर. त्या काळात विद्यार्थ्यांनी मध्येच विषय बदलले, लोक निघून गेले. म्हणजे काही तरी सोडा हे ताई म्हणतात ते बरोबर, पण ते सोडायचं कसं ते पण महत्त्वाचं आहे, नाहीतर तुमच्या काकांचं झालं तेच मोठ्या प्रमाणावर होतं.

आता चांगलं. २०१८ च्या शेवटी सरकारच्या सल्लागार समितीला दीर्घ पल्ल्याची योजना करायला सांगितलं, तेव्हा समितीच्या आधी सगळ्या समाजालाच बसवलं. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या प्लाझ्मा विभागाने वर्षभर हे चालवलं. जुलै २०१९ ला मॅडिसन, जानेवारी २०२० ला ह्यूस्टन, मध्ये वेबिनार, फोकस ग्रुप, कुणीही प्रस्ताव लिहून पाठवू शकत होतं, विद्यार्थी सुद्धा. फ्यूजनवाले, लेसरवाले, अवकाशातल्या प्लाझ्मावाले, चिप बनवणारे, सगळे एका खोलीत. मार्च २०२० ला त्यांचा अहवाल आला आणि त्यावर समितीने आपली योजना बांधली. समितीला अट काय होती? तीन बजेट धरून सांगा: पैसा आहे तेवढाच राहिला तर काय, थोडा वाढला तर काय, आणि हात मोकळा असेल तर काय. पहिल्या अटीमुळेच लोकांना काय मागे ठेवायचं ते बोलावं लागलं. मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच.

त्यातून बाहेर आलेली दिशा अशी की आता नुसत्या प्लाझ्माच्या भौतिकीवर थांबू नका, मटेरियल आणि तंत्रज्ञानाकडे वळा, भट्टीसारखे न्यूट्रॉन देणारा सोर्स बांधा, आणि फ्यूजन सोडून जे प्लाझ्मा विज्ञान आहे त्याला दुय्यम मानू नका.

अजून एक. सी-मॉडच्या आसपासच्या लोकांनीच २०१८ ला कंपनी काढली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये २० टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्राचा सुपरकंडक्टिंग चुंबक चालवून दाखवला. यंत्र बंद पडलं तरी माणसं त्याच गावात टिकली होती, म्हणून झालं हे.

---

निर्वात_पोकळी

अनु, खूप खूप धन्यवाद. 'पैसा आहे तेवढाच राहिला तर' हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारलेला मी तरी ऐकला नाही.

---

थळचा_माणूस

नमस्कार मंडळी. मी वयाने बहुतेक तुम्हा सगळ्यांत मोठा. जड पाण्याच्या (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असतो ते पाणी) कामात आयुष्य गेलं, रायगड जिल्ह्यात थळला. तुमची चर्चा वाचून एकदोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

फ्यूजनला लागतं ड्यूटेरियम. साध्या पाण्यात साधारण साडेसहा हजार हायड्रोजनच्या अणूंमागे एक ड्यूटेरियमचा असतो. तो वेचून काढायचा म्हणजे काय कष्ट आहेत ते आम्हाला विचारा. आमचा प्लांट खत कारखान्याला जोडलेला, अमोनिया आणि हायड्रोजनची देवाणघेवाण करून जड पाणी काढायचं. खत कारखाना बंद तर आम्ही बंद. उंच उंच टॉवर, प्रचंड दाब, उणे तापमान, आणि रात्रपाळीला एखादी रीडिंग इकडची तिकडे झाली की सगळ्यांची झोप उडायची. सुरुवातीला देशात जड पाण्याची टंचाई होती, बाहेरून आणावं लागायचं. पुढे आपण कोरियाला निर्यात केलं. पेपरात कधी पहिल्या पानावर आलं नाही ते. वीस-पंचवीस वर्षं एकच काम चिकाटीने केल्यावर झालं.

आता ट्रिटियमचं बघा. ड्यूटेरियमचं दुसरं भावंड, निसर्गात जवळजवळ नाहीच, अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे साठवून ठेवलं तरी आपोआप कमी होत जातं. एक गिगावॉट फ्यूजन शक्तीची भट्टी वर्षभर चालवायची तर ५५ किलोच्या आसपास ट्रिटियम जळणार. आणि सगळ्या जगात नागरी वापरासाठी आहे किती तर पंचवीस-तीस किलो, ते पण मुख्यतः कॅनडाच्या जड पाण्याच्या भट्ट्यांतून. आपल्याकडे सुद्धा जड पाण्याच्या भट्ट्या आहेत, पालघरला तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या त्याच जातीच्या. जड पाण्यात न्यूट्रॉन शोषले जाऊन ट्रिटियम साचत जातं. ते काढणं, साठवणं, गळू न देता हाताळणं, ही विद्या आपल्या देशात आहे, अजून वाढवता येईल. उद्या जगातल्या कुणालाही फ्यूजनची भट्टी चालवायची असेल तर भट्टीच्या भिंतीत लिथियम ठेवून ट्रिटियम जागच्या जागी पिकवावं लागणार, दुसरा मार्ग नाही. मला विचाराल तर एक नंबरचं प्राधान्य ट्रिटियम आणि लिथियमचं ब्लँकेट, म्हणजे भिंतीतलं ते अस्तर. चुंबक उद्या विकत मिळतील, हे कुणी विकणार नाही.

टायपिंगच्या चुका पोटात घाला, नातवाचा फोन आहे.

---

रानजाई

काका _/\_ असं कुणीतरी आतून सांगितलं की कळतं. आपला शिसं-लिथियमचा ब्लँकेटचा एक आराखडा इटरच्या निमित्ताने तयार झालाय ना? आणि त्यासाठीचं खास पोलाद पण देशातच बनवलं असं वाचलेलं.

---

निर्वात_पोकळी

हो रानजाई, वितळलेलं शिसं-लिथियम आणि सिरॅमिकचे लिथियमयुक्त खडे असं दोन्ही वापरणारी ती कल्पना आहे. आणि पोलाद सुद्धा, न्यूट्रॉनचा मारा खाऊन लवकर थंड होणारं, म्हणजे किरणोत्सार लवकर ओसरणारं. थळच्या काकांशी मी पूर्ण सहमत. मी माझ्या यादीत बदल करते: माणसं आणि सातत्य, त्यानंतर लगेच ट्रिटियम-ब्लँकेट आणि मटेरियल.

मटेरियलचा प्रश्न किती अवघड आहे ते सांगते. ड्यूटेरियम-ट्रिटियमच्या एकेका संयोगातून १४ एमईव्हीचा (एमईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक), म्हणजे प्रचंड वेगवान न्यूट्रॉन सुटतो. विद्युतभार नाही, म्हणून चुंबक त्याला अडवू शकत नाही, तो सरळ भिंतीत घुसतो, पोलादातले अणू जागचे हलवतो, आत हेलियमचे बुडबुडे तयार करतो, पोलाद फुगतं आणि ठिसूळ होतं. खऱ्या भट्टीइतका मारा वर्षानुवर्षं करून बघता येईल असं यंत्र आज जगात चालू नाही. युरोपच्या पुढाकाराने स्पेनमध्ये ग्रॅनाडाला त्यासाठी एक उभं राहतंय. आयपीआरमध्ये १४ एमईव्हीचा छोटा जनरेटर आहे, मोजमापाच्या आणि शिकण्याच्या कामाचा. त्याच्या भोवती दहा विद्यापीठांचे विद्यार्थी रांगेत उभे राहायला हवेत.

---

फर्नेस_मास्तर

भोसरीतून लिहितोय. तुम्ही सगळे फ्यूजन फ्यूजन करताय पण प्लाझ्मा म्हणजे तेवढंच नाही हे कुणीतरी सांगायला पाहिजे. आमच्याकडे गिअरचं प्लाझ्मा नायट्रायडिंग होतं, म्हणजे पोलादाच्या वरच्या थरात नायट्रोजन भिनवायचा. भट्टीत गिअर रचायचे, हवा काढायची, नायट्रोजन-हायड्रोजन सोडायचा, व्होल्टेज लावायचं. काचेच्या खिडकीतून बघा, प्रत्येक दात्याच्या कडेला जांभळट प्रकाशाची बारीक किनार धरते, सगळ्या गिअरला, आतल्या खाचेत सुद्धा. ५०० अंशांच्या आसपास तापमान, तासन्‌तास ठेवायचं, वरचा थर असा कठीण होतो की विचारू नका. जुन्या पद्धतीत अमोनिया लागायचा, वास, धूर. इथे काही नाही.

हे तंत्र लहान कारखान्यांपर्यंत आणायचं काम आयपीआरच्याच औद्योगिक प्लाझ्मा केंद्राने १९९७ पासून केलंय, दवाखान्याचा कचरा प्लाझ्माने नष्ट करायची यंत्रं, कुलूच्या अंगोरा लोकरीवर प्रक्रिया, असं बरंच. तर माझं म्हणणं, राष्ट्रीय प्राधान्यात याला हक्काचा वाटा द्या. फ्यूजनची वीज येईल तेव्हा येईल, याचा पैसा आज कारखान्यात दिसतो. आणि चिप बनवायचं म्हणता ना, गुजरातेत धोलेऱ्याला फॅब (चिपचा कारखाना) येतोय, सिलिकॉनवर ते बारीक बारीक कोरीवकाम प्लाझ्मानेच होतं. ती यंत्रं दुरुस्त करणारी पोरं कुठून आणणार?

---

चाळीतला_टेलिस्कोप

फर्नेस मास्तर, हे मला पटतं. लोकांना दिसणारं काहीतरी हवं.

---

अनु_न्यूजर्सी

अमेरिकेच्या योजनेत पण हेच झालं, फ्यूजन आणि प्लाझ्मा अशी दोन नावं शीर्षकातच ठेवली. पण खरं सांगते, प्रत्यक्ष पैसा वाटताना मोठं यंत्र लहान प्रयोग खाऊन टाकतं. त्यामुळे वाटा आधी बाजूला काढून ठेवायचा आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असं लिहून घ्यायला हवं.

---

समुद्रकाठचा

मी अलिबागचा. थोडं वेगळ्या अंगाने लिहितो, धाग्याशी संबंध आहे, शेवटी कळेल.

मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत होती. १९०४ मध्ये ती वेधशाळा अलिबागला हलवली, का, तर मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार होती आणि तिच्या करंटमुळे सुया हलल्या असत्या. अलिबागची इमारत लोखंड टाळून बांधली. आजही तिथे मोजमाप चालू आहे, पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेकडे. म्हणजे पावणेदोनशेहून जास्त वर्षांची अखंड साखळी.

याचा प्लाझ्माशी काय संबंध? सूर्यावरून प्लाझ्माचा लोंढा सुटतो, तो पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळतो, वादळ होतं. सप्टेंबर १८५९ मध्ये इतिहासातलं सगळ्यात मोठं नोंदलं गेलेलं सौर वादळ आलं, तेव्हा कुलाब्याच्या नोंदीत क्षेत्र १६०० नॅनोटेस्लाच्या आसपास खाली गेलेलं सापडलं. जगातल्या शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद मोजायला ही नोंद वापरली. १८५९ मध्ये ते आकडे लिहिणाऱ्याला काय माहीत की दीडशे वर्षांनी उपग्रह आणि विजेचं ग्रिड वाचवायला ते कुणी वाचेल?

ताईंचा सातत्याचा मुद्दा मला म्हणून पटला. आता आदित्य-एल१ सप्टेंबर २०२३ मध्ये गेलंय, (टोकामॅक आदित्य वेगळा, हा उपग्रह, नाव एकच) त्याच्यावर सौर वाऱ्यातला प्लाझ्मा मोजणारी उपकरणं आहेत. पण उपग्रहाचं आयुष्य काही वर्षं. जमिनीवरची मोजमापं बंद पाडू नका एवढीच विनंती प्राधान्याच्या यादीत लिहा. ज्याला नवीन म्हणून मिरवता येत नाही अशा कामाला आपल्याकडे वाली नसतो.

---

निर्वात_पोकळी

समुद्रकाठचा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. कुलाब्याचं मला माहीतच नव्हतं.

---

सरळ_रेघ

सगळं गोड गोड चाललंय म्हणून विरोधी मत मांडतो. धागाकर्तीताई, तुम्ही म्हणता नवं मोठं यंत्र नंतर. पण मोठ्या यंत्राशिवाय तुमची माणसं येणार कुठून? चांगला पोरगा आयआयटीतून निघाला की त्याला काय दिसतं, अमेरिकेत अनुने सांगितलेली ती कंपनी स्पार्क हा टोकामॅक बांधतेय, चीन हेफेईला नवीन यंत्र बांधतोय, जपानने २०२३ मध्ये जेटी-६०एसए हा टोकामॅक सुरू केला, आणि आपल्याकडे १९८९ चा आदित्य अपग्रेड करून चालवतोय. तो इथे का थांबेल? तरुणाला स्वप्न लागतं. आयपीआरमधल्या लोकांनीच एसएसटी-भारत नावाचं पुढचं यंत्र मांडलंय, फ्यूजन आणि फिजनचं (जड अणू फोडून ऊर्जा काढण्याचं) मिश्रण, आणि २०६० पर्यंत प्रात्यक्षिक भट्टी. माझ्या मते त्यालाच पहिलं प्राधान्य, बाकी सगळं त्याच्या मागे ओढलं जाईल. चांद्रयानामुळे किती पोरं अवकाशाकडे वळली बघा.

आणि इटरचं काय? उशीर, खर्च, आणि आपण ९ टक्के भरतोय. बाहेर पडून तो पैसा घरी लावला तर?

---

निर्वात_पोकळी

सरळ_रेघ, या धाग्याला तुमच्यासारखा विरोध हवाच होता. दोन भागांत उत्तर देते, लांब होईल.

स्वप्नाचं मान्य. मी स्वतः त्याच स्वप्नाने या विषयात आले. पण एसएसटी-१ चा इतिहास बघा, हाती घेतल्यापासून पहिल्या प्लाझ्मापर्यंत जवळपास वीस वर्षं. पैसा कमी पडला हे एक कारण असेल, पण त्याहून मोठं कारण माझ्या मते हे की सुपरकंडक्टिंग चुंबक आणि त्यांचे जोड आणि अतिशीत हेलियमच्या वाटा हे सगळं आपण यंत्र बांधता बांधता शिकत होतो. शिकलो, ही फार मोठी गोष्ट आहे, मी ती कमी लेखत नाही. पण ती शिकलेली माणसं आता रिटायर होताहेत. पुढचं यंत्र दहा वर्षांनी सुरू केलं तर परत पहिल्यापासून शिकायचं. म्हणून मी म्हणते की पुढच्या यंत्राची घोषणा करायच्या आधी त्याचा एक चुंबक बांधा, एक ब्लँकेटचा तुकडा बांधा, एक रिमोट हँडलिंगचा (दुरून चालवायचा यांत्रिक) हात बांधा, पूर्ण मापाचा, आणि तो मोडेपर्यंत चालवा. अनुने सांगितलेल्या त्या कंपनीनेही यंत्राआधी एक चुंबकच चालवून दाखवला ना.

आता इटर. बाहेर पडायला माझा साफ विरोध. त्याचं क्रायोस्टॅट, म्हणजे सगळ्या यंत्राला बाहेरून झाकणारं व्हॅक्यूमचं भांडं, ३८५० टन, साधारण २९ मीटर उंच आणि तेवढंच रुंद, त्याचे भाग गुजरातमध्ये हजीरा इथे बनले. मे २०२० मध्ये, सगळं जग लॉकडाऊनमध्ये असताना, त्याचा १२५० टनांचा तळ क्रेनने खड्ड्यात उतरवला, तो व्हिडिओ बघताना मी रडले होते, अगदी खरं सांगते, कारण एवढ्या मोठ्या भांड्याचे वेल्ड व्हॅक्यूमला टिकवणं काय असतं ते मला ठाऊक आहे. त्याच इटरमध्ये नंतर थर्मल शील्डच्या (उष्णता अडवणाऱ्या आवरणाच्या) थंड करणाऱ्या पाइपांना बारीक चिरा सापडल्या, वेल्डच्या जवळ क्लोरीनचे अंश राहून गेले होते, त्याने धातू आतून खाल्ला. एवढ्याशा गोष्टीने वर्षं गेली. हा धडा सातही भागीदारांना मिळाला, आपल्याला सुद्धा. ९ टक्के भरून शंभर टक्के ज्ञान मिळतं, पण ते घ्यायला आपली माणसं तिथे असली पाहिजेत आणि परत आल्यावर त्यांना इथे काम असलं पाहिजे. आपण तिथे कमी पडतो. परत आलेला माणूस दुसऱ्याच विभागात टाकतात, हे मी जवळून पाहिलंय, कुठे ते लिहीत नाही.

आणि आपलंच दुसरं उदाहरण. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय, २०२३ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं, २६०० कोटी. चार-चार किलोमीटरचे दोन नळ, आत प्रचंड व्हॅक्यूम. त्या व्हॅक्यूमची जबाबदारी कुणाकडे? आयपीआरकडे. गुरुत्वीय लहरींचा आणि फ्यूजनचा काय संबंध? काहीच नाही, पण लीक शोधणारा हात तोच. मोठं यंत्र माणसं ओढतं हे तुमचं खरं असेल, पण तयार माणसं असली की कुठलंही यंत्र उभं राहतं हे पण खरं आहे.

---

सरळ_रेघ

पूर्ण पटलं नाही, पण 'पूर्ण मापाचा एक चुंबक आधी' हे पटलं. त्याला तारीख मात्र हवी. तारीख नसलेलं प्राधान्य म्हणजे नुसती इच्छा.

---

निर्वात_पोकळी

मान्य. तारीख हवीच.

---

थळचा_माणूस

आमच्या वेळी तारीख भिंतीवर खडूने लिहिलेली असायची, येताजाता दिसायची.

---

रानजाई

मी एका कॉलेजमध्ये शिकवते, जिल्ह्याच्या ठिकाणी. अकराव्या पंचवार्षिक योजनेत राष्ट्रीय फ्यूजन कार्यक्रमातून विद्यापीठांना प्रकल्प मिळायचे, तेव्हा आमच्या ओळखीत एका विभागात छोटं प्लाझ्मा चेंबर आलं. पाच वर्षं मस्त चाललं, मुलं ग्लो डिस्चार्ज (विरळ वायूतून वीज गेल्यावर पडणारा उजेड) बघायची, प्रोब घालून तापमान मोजायची. मग ग्रँट संपलं. टर्बो पंपाचं बेअरिंग गेलं. दुरुस्तीचा खर्च नव्या खर्चाच्या हेडमध्ये बसत नाही, जुन्या हेडमध्ये पैसे नाहीत. चेंबर आज पण तिथेच आहे, वर प्लास्टिकचं कव्हर, त्याच्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. दरवर्षी नवीन मुलांना आम्ही ते कव्हर काढून दाखवतो आणि परत घालतो.

राष्ट्रीय प्राधान्य ठरवणाऱ्यांना माझं एकच सांगणं, यंत्र देताना त्याच्या बेअरिंगचे पैसे पण द्या, दहा वर्षांचे.

---

फर्नेस_मास्तर

रानजाई मॅडम, पंपाचं मॉडेल सांगा. भोसरीत बेअरिंग बदलणारा आहे एक, हात चांगला आहे त्याचा. पैशाचं बघू.

---

रानजाई

खरंच? व्यनि (खासगी निरोप) करते.

---

एमएससी_दुसरं_वर्ष

पहिल्यांदाच लिहितोय. मी फिजिक्सचा विद्यार्थी आहे, प्लाझ्मात जायचंय पण घरचे म्हणतात सॉफ्टवेअर कर, यात नोकरी नाही. सगळा धागा वाचला. थिअरी चांगली आहे माझी पण हाताने कधी काही केलेलं नाही, आमच्या लॅबमध्ये व्हॅक्यूम पंप आहे तो फक्त सर सुरू करतात. कुठून सुरुवात करू?

---

निर्वात_पोकळी

घरच्यांची काळजी खरी आहे, त्यांच्याशी भांडू नकोस, नीट बोल. आयपीआरमध्ये उन्हाळ्यात विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम असतो, त्याला अर्ज कर, नाही मिळाला तर परत कर. थिअरी सोडू नको, मॅक्सवेलची समीकरणं रोजची झाली पाहिजेत.

आणि पुण्याच्या जवळपास असशील तर व्यनि कर, शनिवारी चाकणला ये. एक चेंबर टेस्टला लागलंय, बावीस वेल्ड आहेत, कुठेतरी गळतंय, दोन दिवस झाले सापडत नाहीये. हेलियमची गन तुझ्या हातात देते.

---

एमएससी_दुसरं_वर्ष, पुढच्या रविवारी

ताई काल खूप वेळ दिलात. इथल्या सगळ्यांसाठी लिहितो, वरून सुरू केलं, नवव्या वेल्डपर्यंत काहीच नाही, हात दुखायला लागला होता. दहाव्यावर आवाज चढला. मला वाटलं माझाच हात हलला, ताई म्हणाल्या थांब, परत मार. परत चढला.